गायनेकोमास्टियाचं ऑपरेशन करायचंय? आधी काय तपासायचं, त्या दिवशी काय होतं आणि पुढचे सहा महिने कसे जातात

पुरुषाची छाती स्तनासारखी वाढलेली दिसायला लागली की बहुतेक जण आधी काही वर्षं सैल टीशर्ट घालून काढतात, मग जिम लावतात, मग कुठली तरी क्रीम मागवतात, आणि हे सगळं करून झालं की ऑपरेशनबद्दल वाचायला लागतात. तुम्ही इथवर आला असाल तर यातलं बरंचसं झालेलं असणार, म्हणून थेट कामाचं बोलतो. ऑपरेशन स्वतः फार मोठं नाही, साधारण एक-दोन तासांचं काम असतं आणि बरेच जण त्याच दिवशी घरी जातात. पण रिझल्ट कसा येणार हे बऱ्याच अंशी आधीच्या तपासणीवर आणि नंतरच्या पाच-सहा आठवड्यांवर ठरतं, आणि लोक घाई करतात ती नेमकी याच दोन ठिकाणी. म्हणून खाली त्याबद्दल जास्त लिहिलंय, ऑपरेशन टेबलबद्दल कमी.

पायरी १: ग्लँड आहे की नुसती चरबी, हे आधी बघा

निप्पलच्या मागे पुरुषांनाही थोडी स्तनग्रंथी असते, तिलाच सगळे ग्लँड म्हणतात. ती खरोखर वाढली की त्याला गायनेकोमास्टिया म्हणायचं. ग्लँड वाढलेली नाही, फक्त चरबी साठलीय, तर तो स्यूडोगायनेकोमास्टिया. बऱ्याच जणांत दोन्ही मिसळलेलं असतं. फरक कळणं महत्त्वाचं कारण वजन कमी केलं की चरबी उतरू शकते, जुनी घट्ट झालेली ग्लँड मात्र कितीही पुशअप्स मारले तरी जात नाही. उलट खालचा स्नायू वाढला की ती आणखी पुढे येते, त्यामुळे जिम करणाऱ्या बारीक मुलांची तक्रार असते की पोट आत गेलं पण छाती टोकदारच राहिली. चरबी गोठवणाऱ्या मशीनचा पण ग्लँडवर काही उपयोग नाही, क्रीमचा तर विषयच सोडा.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर उताणे झोपा, एक हात डोक्यामागे घ्या, दुसऱ्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट छातीच्या दोन्ही बाजूंना ठेवून हळूहळू निप्पलकडे आणा. निप्पलच्या बरोबर मागे रबरी, घट्टसर, कधी कधी दुखरी चकती हाताला लागली तर ग्लँड आहे. निप्पलपर्यंत बोटं येऊन भिडली तरी मधे काही अडलं नाही, सगळं मऊच लागलं, तर बहुतेक चरबी. हा अंदाजच झाला, नक्की काय ते डॉक्टर हात लावून सांगतील आणि गरज वाटली तर सोनोग्राफी करतील.

आता एक गोष्ट जी लाजेपोटी कुणी विचारत नाही. स्तनाचा कॅन्सर पुरुषांनाही होतो, एकूण स्तनाच्या कॅन्सरपैकी साधारण १ टक्का केसेस पुरुषांच्या असतात. गाठ कडक असेल, निप्पलच्या मधोमध नसून एका बाजूला असेल, हलत नसेल, निप्पलमधून रक्त किंवा पाणी येत असेल, निप्पल आत ओढली गेली असेल, वरच्या कातडीला खळी पडली असेल किंवा काखेत गाठ लागत असेल, तर कॉस्मेटिक ऑपरेशनचा विचार बाजूला ठेवा आणि आधी मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि लागली तर बायोप्सी करून घ्या. एकाच बाजूची छाती वाढली म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही, एका बाजूचा गायनेकोमास्टिया भरपूर दिसतो, पण तपासल्याशिवाय सोडू नका.

पायरी २: झालं कशामुळे, ते शोधा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. ग्लँड वाढते कारण शरीरात इस्ट्रोजेनचा (बायकांमध्ये जास्त असणारं हार्मोन) परिणाम टेस्टोस्टेरॉनच्या (पुरुषी हार्मोन) मानाने जास्त होतो. कारण तसंच चालू ठेवून ग्लँड काढली तर उरलेला भाग परत वाढू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे आतला एखादा आजार तसाच लपून राहतो.

वयाप्रमाणे बघितलं तर तीन वेळा हे आपसूक होतं: नवजात बाळात (आईच्या हार्मोन्समुळे, काही आठवड्यांत जातं), वयात येताना आणि मग पन्नाशीनंतर. वयात येणाऱ्या मुलांत हे इतकं कॉमन आहे की त्याला आजार म्हणणंच चुकीचं, आणि बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप उतरतं. म्हणून १४ वर्षांच्या मुलाला घेऊन सर्जनकडे धावत जाणाऱ्या आईवडिलांना सांगायचंय की तपासून नक्की घ्या पण कापाकापीची घाई नको, सहसा वाढ पूर्ण होईपर्यंत आणि ग्लँडचा आकार वर्षभर तरी स्थिर राहीपर्यंत थांबतात. फारच मोठी वाढ असेल, मुलगा शाळा, पोहणं, मित्र सगळं टाळत असेल तर लवकर विचार होतो, पण तो निर्णय तज्ज्ञासोबत बसून घ्यायचा.

मग येतात औषधं. केस गळतीसाठीचं फिनास्टेराइड, प्रोस्टेटसाठीचं ड्युटास्टेराइड आणि बायकॅल्युटामाइड, हार्ट किंवा लिव्हरसाठी दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन, अॅसिडिटीचं जुनं सिमेटिडीन, बुरशीसाठीची केटोकोनाझोलची गोळी, रिस्पेरिडोनसारखी मानसिक आजाराची काही औषधं, यांनी छाती वाढू शकते. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, पण स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका, विशेषतः हार्टची आणि मानसिक आजाराची.

आणि स्टेरॉइड्स. जिममधल्या मित्राने दिलेली इंजेक्शनं घेतली असतील तर सर्जनला स्पष्ट सांगा, तो पोलिसात जाणार नाहीये. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात अरोमाटेज नावाच्या एन्झाइममुळे इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तिथून हा सगळा प्रकार सुरू होतो. ऑपरेशन करून परत स्टेरॉइड्सची सायकल (काही आठवड्यांचा कोर्स) सुरू करणाऱ्यांमध्ये ग्लँड परत येण्याची शक्यता चांगलीच असते.

याशिवाय लिव्हर सिरॉसिस, किडनी फेल्युअर, थायरॉइड ग्रंथीने हार्मोन जास्त बनवणं, क्लाइनफेल्टर सिंड्रोम (यात एक एक्स क्रोमोसोम जास्त असतो आणि स्तनाच्या कॅन्सरचा धोकाही इतर पुरुषांपेक्षा जास्त), वृषणातली गाठ ही पण कारणं आहेत. म्हणून डॉक्टरांनी पँट उतरवून वृषण तपासायचं म्हटलं तर दचकू नका, ते बरोबरच करतायत. छाती बघून दोन मिनिटांत ऑपरेशनची तारीख देणाऱ्यापेक्षा असा डॉक्टर कधीही बरा. रक्तात साधारण टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, एचसीजी, थायरॉइड, लिव्हर आणि किडनीच्या टेस्ट बघतात, सगळ्यांना सगळ्या लागतात असं नाही. टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी द्यायचं, कारण तेव्हा त्याची लेव्हल सगळ्यात जास्त असते. बऱ्याच जणांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि कारण सापडतच नाही, तसं झालं तर ती चांगली बातमी समजा.

पायरी ३: आत्ता ऑपरेशन करायचंच का?

ग्लँड नुकतीच वाढायला लागलीय आणि दुखतीय, म्हणजे अजून वर्ष झालेलं नाही, तर काही डॉक्टर टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेनचा परिणाम अडवणारी गोळी) काही महिने देऊन बघतात. वर्ष उलटून गेलं की आतला भाग तंतुमय घट्ट होतो आणि मग गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. ते औषध मेडिकलमधून स्वतः आणून घेण्याचं नाही, त्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो.

वजन खूप असेल आणि ते कमी करायचं मनात असेल तर आधी वजन कमी करा, निदान सहा महिने स्थिर ठेवा आणि मग या. ऑपरेशननंतर पंधरा-वीस किलो उतरवले तर कातडी लोंबते आणि परत काम निघतं.

अजून एक, अपेक्षा. ऑपरेशनने छाती सपाट आणि शर्टातून न दिसणारी होऊ शकते. सिक्स पॅकवाल्या मॉडेलसारखी कापलेली छाती त्यातून येत नाही, आणि दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या तर आधीही नव्हत्या.

पायरी ४: सर्जन आणि पद्धत

प्लास्टिक सर्जरीचं रीतसर शिक्षण आणि रजिस्ट्रेशन असलेला माणूस शोधा, आणि ऑपरेशन कुठे होणार, भूलतज्ज्ञ असणार का, इमर्जन्सीची सोय आहे का हे विचारा. त्याने स्वतः केलेल्या केसेसचे फोटो मागा, त्यातही तुमच्यासारख्या छातीचे. बारीक मुलाचा ग्रेड १ चा फोटो बघून शंभर किलोच्या माणसाने खूश व्हायचं काही कारण नाही.

ग्रेड म्हणजे काय, तर १९७३ मध्ये सायमन आणि सहकाऱ्यांनी केलेली विभागणी अजून वापरतात. १ म्हणजे थोडी वाढ, जादा कातडी नाही. २अ म्हणजे मध्यम वाढ पण कातडी ठीक. २ब म्हणजे मध्यम वाढ आणि थोडी जादा कातडी. ३ म्हणजे मोठी वाढ आणि भरपूर लोंबती कातडी. तुमचा ग्रेड कोणता यावर व्रण किती आणि कुठे येणार हे ठरतं, म्हणून तो विचारून घ्या.

चरबीसाठी लायपोसक्शन. काखेजवळ किंवा छातीच्या कडेला काही मिलिमीटरचं छिद्र पाडून त्यातून सलाइन, लिडोकेन आणि अॅड्रिनलिन मिसळलेलं पाणी आत सोडतात, त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि जागा बधिर होते, मग बारीक नळीने चरबी ओढून घेतात. व्हेसर म्हणजे अल्ट्रासाउंडने चरबी आधी सैल करून मग ओढणं, ते घट्ट भागात सर्जनला सोपं जातं पण जाहिरातीत सांगतात तितकी जादू त्यात नाही, हात कुणाचा आहे ते जास्त महत्त्वाचं.

ग्लँडसाठी निप्पलभोवतीच्या गडद गोलाच्या खालच्या कडेवर अर्धगोल चीर देतात आणि तिथून ग्लँड कापून काढतात. गडद आणि फिकट कातडीच्या सीमेवर असल्यामुळे हा व्रण बऱ्याच जणांचा नंतर सहज दिसत नाही. इथे एक बारकावा आहे: निप्पलच्या मागे ग्लँडचा पातळ थर मुद्दाम ठेवतात. सगळंच खरवडून काढलं तर निप्पल आत बसते आणि तिथे बशीसारखा खड्डा पडतो, जो नंतर भरून काढणं फार कटकटीचं. त्यामुळे 'शंभर टक्के ग्लँड काढून देतो' हे ऐकायला कितीही भारी वाटलं तरी त्यावर प्रश्न विचारा.

कातडी फारच जास्त असेल, उदाहरणार्थ खूप वजन उतरवलेल्यांमध्ये, तर कातडीही कापावी लागते. तेव्हा व्रण निप्पलभोवती पूर्ण गोल येतो किंवा छातीच्या खालच्या घडीतून आडवा जातो, कधी निप्पल काढून नव्या जागी लावावी लागते आणि मग तिथली संवेदना बहुतेक जाते. हे सगळं ऑपरेशनआधी कळलेलं असायला हवं.

पैशाचं बोलताना कोटेशनमध्ये भूल, हॉस्पिटल, टेस्ट, प्रेशर वेस्ट (ऑपरेशननंतर छाती दाबून धरणारं घट्ट बनियन), फॉलोअप आणि परत टचअप (नंतरचं छोटं दुरुस्तीचं ऑपरेशन) लागला तर त्याचा खर्च, हे सगळं लिहून घ्या. विमा कंपन्या हे बऱ्याचदा कॉस्मेटिक धरून नाकारतात, तेव्हा आधीच लेखी विचारा.

पायरी ५: आधीचा महिना

सिगारेट, व्हेप, तंबाखू, निकोटिन गम, सगळं किमान चार आठवडे आधी बंद आणि नंतरही निदान चार आठवडे बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि ज्या निप्पलचा रक्तपुरवठा ऑपरेशनमुळे आधीच कमी झालाय तिला ते परवडत नाही. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, फिश ऑइल, जिमचे सप्लिमेंट, हर्बल गोळ्या, यातलं काय कधी थांबवायचं ते सर्जन सांगेल, साधारण एक-दोन आठवडे आधी थांबवतात. रक्त पातळ करणारं औषध हार्टसाठी चालू असेल तर ते ज्याने दिलंय त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नका. वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेत असाल तर भूलतज्ज्ञाला आवर्जून सांगा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं. पूर्वी कुठल्या जखमेवर केलॉइड, म्हणजे जखमेच्या बाहेर पसरलेला जाड व्रण, आला असेल तर तेही सांगा.

पुढून बटणं असलेले दोन-तीन शर्ट काढून ठेवा, कारण काही दिवस हात वर करून टीशर्ट घालणं जमत नाही. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवा. प्रेशर वेस्ट दोन घ्या, एक धुवायला टाकली की दुसरी अंगात. घरी न्यायला आणि पहिली रात्र सोबत राहायला कुणी तरी हवंच.

पायरी ६: तो दिवस

घन पदार्थ सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, पण तुमच्या भूलतज्ज्ञाने वेगळं सांगितलं असेल तर तेच पाळा. उभं करून पेनाने छातीवर खुणा करतात, फोटो काढतात. हे उभं असतानाच करावं लागतं कारण आडवं झाल्यावर छातीचा आकार बदलतो. मग पूर्ण भूल, किंवा छोटं काम असेल तर जागेवरची भूल आणि सोबत गुंगीचं औषध. जाग येते तेव्हा छातीवर घट्ट वेस्ट असते, घसा थोडा खवखवतो, आणि काही जणांच्या बाजूला नळ्या लावलेल्या असतात, त्याला ड्रेन म्हणतात, त्यातून लालसर पाणी येतं. ते बघून घाबरू नका. ड्रेन सहसा एक ते तीन दिवसांत काढतात. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि महत्त्वाच्या कागदांवर सह्या पण करायच्या नाहीत.

पायरी ७: पहिले सहा आठवडे, म्हणजे खरं काम

पहिले तीन-चार दिवस छाती ठणकते, खूप जिम केल्यावर अंग दुखतं त्याच्या बरंच वरचं पण गोळ्यांनी आटोक्यात राहणारं. उताणं झोपायचं, पाठीखाली उशा लावून वरचं अंग थोडं उंच ठेवायचं, कुशीवर नाही. काळंनिळं पडतं, कधी ते पोटापर्यंत उतरतं, दोन-तीन आठवड्यांत जातं. पहिल्याच दिवसापासून घरातल्या घरात चालायला लागा, पायात गुठळ्या होऊ नयेत म्हणून.

वेस्ट साधारण चार ते सहा आठवडे, सुरुवातीला अंघोळ सोडली तर दिवसरात्र. उकाडा होतो, खाज येते, आणि दुसऱ्या आठवड्यात वाटतं की आता काय गरज, पण आत चरबी काढलेल्या मोकळ्या जागेत पाणी साठू नये आणि कातडी नीट चिकटावी यासाठीच ती असते. मात्र जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगली असं नाही. श्वास घेताना अडत असेल किंवा वेस्टची घडी एकाच जागी रुतत असेल तर कातडीवर वळ आणि जखम होते, साइज बदलून घ्या.

टेबलवरचं काम असेल तर तीन ते सात दिवसांत जाता येतं, ओझी उचलायचं काम असेल तर तीन-चार आठवडे धरून चाला. गाडी तेव्हा, जेव्हा गुंगी आणणाऱ्या पेनकिलर बंद झाल्यात आणि स्टीअरिंग पटकन फिरवताना दुखत नाही. पहिले दोन आठवडे दोन-तीन किलोच्या वर काही उचलू नका, लहान मूलसुद्धा नाही. हलका कार्डिओ दोन-तीन आठवड्यांनी, बेंच प्रेस आणि छातीचे व्यायाम चार ते सहा आठवड्यांनंतर आणि तेही सर्जनने बघून हो म्हटल्यावर. बरं वाटतंय म्हणून दहाव्या दिवशी जिममध्ये गेलेल्यांना सूज आणि पाणी साठणं हे बक्षीस मिळतं.

आता मनाची बाजू. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरेच जण आरशासमोर उभे राहून ठरवतात की ऑपरेशन फसलं. एक बाजू जास्त सुजलेली, निप्पलखाली कडक गाठ, खालची कातडी बधिर, अधूनमधून करंट लागल्यासारख्या चमका. 'ग्लँड परत आली' अशी खात्रीच होते. ती गाठ जवळजवळ नेहमीच आतल्या जखमेचा भरून येणारा भाग असतो, हळूहळू मऊ होते, सर्जन सांगेल तेव्हापासून हलका मसाज केला तर मदत होते. बधिरपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत राहतो आणि काही थोड्यांमध्ये थोडासा कायमचा राहतो.

वाट न बघता फोन करायचा तो कधी

पहिल्या एक-दोन दिवसांत एका बाजूची छाती अचानक फुगली, टणक झाली, दुखणं वाढतच चाललंय, तर आत रक्त साठलंय असं समजून तासाभरात संपर्क करा, सकाळची वाट बघू नका, कधी परत ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन ते काढावं लागतं. ताप, पसरत जाणारी लाली, पू, वास, हे इन्फेक्शन. निप्पल काळी पडत चालली तर लगेच दाखवा. पोटरी एकाच पायाची सुजली-दुखली, किंवा धाप लागली, छातीत आत दुखलं, तर थेट इमर्जन्सी. नंतरच्या आठवड्यांत दाबलं की पाणी हलल्यासारखं वाटत असेल तर तो सेरोमा, सुईने काढून टाकतात, कधी दोन-तीन वेळा काढावा लागतो, त्यात घाबरण्यासारखं नसतं.

पायरी ८: रिझल्ट

मोठा फरक पहिल्याच दिवशी दिसतो, बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते आणि खरा आकार सहा महिन्यांच्या आसपास कळतो. व्रण आधी लाल आणि जाडसर होतो, मग फिका पडायला वर्ष-दीड वर्ष घेतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉन जेल आणि उघड्यावर गेलात तर सनस्क्रीन, एवढं वर्षभर करा. खड्डा, थोडी उरलेली ग्लँड, सैल कातडी, दोन बाजूंत दिसण्याइतका फरक, यासाठी काही जणांना टचअप लागतो, पण सहा महिन्यांच्या आत तो करण्याची घाई सहसा चांगला सर्जन करणार नाही. वजन भरपूर वाढलं तर छातीत राहिलेल्या चरबीच्या पेशीही फुगतात, तेवढं लक्षात असू द्या.

काढलेली ग्लँड पॅथॉलॉजीला पाठवायची का हे ऑपरेशनआधीच विचारा आणि पाठवली असेल तर रिपोर्ट आणायला विसरू नका. टाके निघाले की लोक फॉलोअपला जाणंच बंद करतात आणि तो रिपोर्ट हॉस्पिटलच्या फाइलमध्ये तसाच पडून राहतो. त्याची एक कॉपी घरच्या फाइलमध्ये लावा, सोबत ऑपरेशनची नोट आणि आधीचे फोटो ठेवा, पुढे कधी टचअप दुसऱ्या सर्जनकडून करायची वेळ आली तर तो पहिल्यांदा हेच मागणार आहे.